शेंडीतलं कौलारू घर, भंडारदरा: घरातली वयस्कर माणसं बरोबर असतील तर नक्की जा

भंडारदऱ्याला धरणाजवळच्या शेंडी गावात एका कुटुंबाने आपलं शेतातलं जुनं कौलारू घर पाहुण्यांसाठी द्यायला सुरुवात केली आहे. डिसेंबर २०२० मध्ये शनिवार-रविवार जोडून आम्ही तिथे राहून आलो. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. आईंचं वय ६८, मधुमेह आहे, आणि कोरोनामुळे मार्चपासून त्या आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या फ्लॅटमधून फार तर गच्चीपर्यंत गेलेल्या. म्हणून मी हे घर एकाच कसोटीवर पाहिलं: आईंना इथे निर्धास्तपणे नेता येईल का? येतं.

आधी एका मोठ्या रिसॉर्टला फोन लावला होता. ‘सगळं सॅनिटाइज केलंय मॅडम’ यापलीकडे उत्तर मिळेना. जेवण सगळ्यांचं एकाच हॉलमध्ये, आणि ऐनवेळी कुणाला ताप आला तर पैसे परत नाहीत, फक्त तारीख बदलून मिळेल. शेंडीला फोन केला तर तिथल्या वहिनींनी उलट मलाच विचारायला सुरुवात केली. कुठल्या भागात राहता, कामावर कोण जातं, घरात कुणाला खोकला-ताप? मग म्हणाल्या, “ताई, राग मानू नका. आमच्याकडं पण सासूसासरे आहेत, शहरातनं कुणी येतंय म्हटलं की घाबरत्यात.” सप्टेंबरात नाशकात हॉस्पिटलमधल्या बेडसाठी लोकांची काय धावपळ चालली होती ते आम्ही पाहिलेलं, राग कसला येणार? त्यांना त्यांच्या म्हाताऱ्यांची काळजी आहे म्हणजे आमच्या आईही तिथे सांभाळल्या जातील, एवढं मला त्या फोनवरच पटलं. आगाऊ रकमेचं त्यांनी स्वतःहून सांगितलं: निघायच्या सकाळी जरी कुणाला ताप आला तरी पूर्ण पैसे परत.

जिल्ह्याबाहेर जायला टाळेबंदीत लागणारा ई-पास, म्हणजे प्रवासाचा परवाना, सप्टेंबरपासून लागत नव्हता, पण वाटेतल्या स्वच्छतागृहांची धास्ती होतीच. भंडारदरा निवडलं ते त्यासाठी. नाशिकहून साधारण सत्तर किलोमीटर, दोन तासांत माणूस पोचतो, कुठेही थांबावं लागत नाही. घोटीच्या टोलवर फास्टॅग असल्यामुळे काचही खाली केली नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमधला चहा बरोबर होता, तो बारी गावाच्या अलीकडे रस्त्याकडेला गाडी लावून घेतला. समोर कळसूबाई. मुलाने ‘१६४६ मीटर’ असं पाठ केलेलं सांगितलं, आणि आईंनी गाडीतूनच शिखरावरच्या देवीला हात जोडले.

घर एका वेळी एकाच कुटुंबाला देतात, आणि आधीचे पाहुणे गेल्यावर मध्ये एक दिवस रिकामा ठेवतात. दारं-खिडक्या त्या दिवशी सताड उघड्या. चादरी-उशांच्या खोळी आपल्या आणल्या तरी चालतात, आम्ही आणल्या. जेवण वहिनी शेजारच्या त्यांच्या घरात करतात आणि पातेली आपल्या ओसरीवरच्या टेबलावर ठेवून जातात. तेव्हा मास्क लावूनच यायच्या. भांडी उकळत्या पाण्यातून काढलेली, हातात घेतली तेव्हा अजून गरम होती.

आणि जेवण! नागलीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, इंद्रायणीचा मऊ भात, वर घरचं तूप. रात्री गावरान कोंबडीचा रस्सा. आईंना भात कमी लागतो हे एकदाच सांगितलं होतं, तर पुढच्या प्रत्येक जेवणात त्यांच्यासाठी एक भाकरी जास्त यायची. महिनोन्‌महिने मी स्वतःच्या हातचं खाऊन विटले होते. दुसऱ्या कुणीतरी केलेली गरम भाकरी समोर आल्यावर मला भरून आलं.

रविवारी सकाळी धरणाला वळसा घालून रतनवाडीच्या अमृतेश्वराला गेलो. टाळेबंदीत बंद झालेली देवळं पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली होती, पण गर्दीच्या भीतीने आईंना काळारामाला नेलं नव्हतं. इथे आम्ही आणि एक गुरव, बस. आई खांबांवरचं कोरीवकाम हात मागे बांधून, एकेक खांब थांबून पाहत होत्या. रंधा धबधबा या दिवसांत बारीक असतो, त्यासाठी वेगळा वेळ काढू नका.

उणिवाही सांगते. न्हाणीघराची पायरी उंच आहे आणि धरायला काही नाही. गुडघे दुखणाऱ्यांना प्रत्येक वेळी हात द्यावा लागतो. वहिनींच्या यजमानांना सांगितलं, ते दांडी बसवून घेणार होते. गरम पाणी बंबाचं, पाचजणांच्या आंघोळीला पाऊण तास लागतो. रेंज फक्त अंगणाच्या एका कोपऱ्यात येते, मुलांची ऑनलाइन शाळा असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी जाऊ नका. थंडी कडाक्याची असते, पांघरुणं घरूनच न्या.

संपूर्ण घराचं एका रात्रीचं भाडं तेव्हा साडेतीन हजार होतं, जेवण माणशी वेगळं. त्या पैशांत नाशकातल्या हॉटेलात दोन खोल्याही आल्या असत्या, पण अख्खं अंगण आलं नसतं. बुकिंग करताना मधला रिकामा दिवस खरंच ठेवलाय ना, हे तारीख सांगून विचारा. वहिनी वहीत बघून सांगतात, आधीचे पाहुणे कधी गेले तेही सांगतात.