रुअरमधली एक दिवसाची सायकल ट्रिप: त्सोलफेराईन की डुइसबुर्गचा लँडशाफ्टपार्क?

जर्मनीत ड्युसेलडॉर्फ-कोलोन पट्ट्यात राहणारे आपले लोक उन्हाळा लागला की शेजारच्या रुअर या जुन्या कोळसा-पोलाद पट्ट्याबद्दल हे हमखास विचारतात, एकच रविवार मोकळा आहे, सायकली आहेत, सोबत पोरं आहेत किंवा भारतातून आईबाबा आलेत, तर एस्सेनची त्सोलफेराईन ही जुनी कोळशाची खाण बघायची की डुइसबुर्गचा लँडशाफ्टपार्क, म्हणजे जुना लोखंडाचा कारखाना. माझं उत्तर आधीच देऊन टाकतो, पहिल्यांदा जाताय आणि एकच दिवस आहे तर त्सोलफेराईनला जा. पण सगळ्यांना हे लागू होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी रस्त्याचं बोलू, कारण आरामात सायकल चालवायची तर अर्धी मजा तिथेच आहे. त्सोलफेराईनला एस्सेन स्टेशनवरून थेट गेलात तर सहा-सात किलोमीटर, पण ते सगळं शहरातून, सिग्नल आणि ट्रामच्या रुळांतून, त्यात काही मजा नाही. त्यापेक्षा ट्रेनने बोखुमला उतरा आणि यारहुंडर्टहाले या जुन्या औद्योगिक हॉलपासून एर्त्सबानट्रासे धरा. कालव्यावरच्या बंदरातून बोखुमच्या भट्ट्यांना लोहखनिज पोचवणारी ही मालगाडीची लाईन, आता तिचा सायकल ट्रॅक केलाय, साधारण दहा किलोमीटर. खनिजाने भरलेल्या गाड्यांना चढ झेपत नाही म्हणून लाईन टाकतानाच उतार अगदी सौम्य ठेवलेला, काही ठिकाणी तर ती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा पंधरा मीटर उंच बांधावरून जाते, आणि त्याचा फायदा आज आपल्या गुडघ्यांना मिळतो! गाड्या नाहीत, सिग्नल नाहीत, एकामागून एक पूल, खाली रस्ते आणि रेल्वे. सुरुवातीचा वळणदार झुलता पूल बघायला थांबाच. वाटेत एर्त्सबानबूडे नावाची टपरी आहे, तिथे सगळे सायकलवाले टेकतात. पुढे दुसऱ्या जुन्या रेल्वेमार्गावरून त्सोलफेराईनकडे वळायचं, सगळं मिळून वीस किलोमीटरच्या आसपास होतं, सात-आठ वर्षांचं पोर रोज सायकल चालवत असेल तर आरामात करेल.

डुइसबुर्गच्या बाजूलाही छान रस्ता आहे. ओबरहाउझेनला उतरायचं, ११७ मीटर उंचीचा जुना गॅसोमीटर बघायचा (आत आता प्रदर्शनं भरतात), मग कालव्याच्या काठाने आणि ग्र्युनर फाड या जुन्या रेल्वेमार्गावरच्या सायकल ट्रॅकवरून लँडशाफ्टपार्क, दहाएक किलोमीटर. सपाट आणि सोपा. पण एर्त्सबानवरून जाताना आपण कारखान्याच्या नसेतून चाललोय असं वाटतं ना, ते इथे तेवढं वाटत नाही.

आता पोचल्यावर काय. त्सोलफेराईनचा शाफ्ट १२ सुरू झाला १९३२ ला, फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या दोघा आर्किटेक्टनी लाल विटा आणि पोलादाच्या चौकटीत सगळं इतकं नेटकं बांधलं की लोक तिला जगातली सर्वात सुंदर कोळसा खाण म्हणतात, ५५ मीटरचा तो लोखंडी मनोरा लांबूनच दिसतो. त्या काळात दिवसाला बारा हजार टन कोळसा निघेल अशी सोय होती, इतर खाणींच्या कितीतरी पट. डिसेंबर १९८६ ला खाण बंद झाली, कोक भट्ट्या १९९३ पर्यंत चालल्या, २००१ ला युनेस्कोच्या यादीत नाव आलं. आवारात फिरायला पैसे पडत नाहीत, सायकल सगळीकडे नेता येते, कोक भट्ट्यांची सहाशे मीटर लांब रांग तर सायकलवरूनच बघावी.

पण खरी गोष्ट आहे ती रुअर म्युझियम. जिथे कोळसा धुऊन दगड वेगळे करायचे त्याच इमारतीत ते आहे. बाहेरच्या लांबलचक नारिंगी सरकत्या जिन्याने थेट चोवीस मीटरवर जायचं आणि तिथून एकेक मजला खाली उतरत यायचं, कारण कोळसाही वर चढवून मग यंत्रांतून खाली खाली येत असे. मशिनरी जागच्या जागी आहे, आणि तिच्यामधून या प्रदेशाच्या जमिनीची, कामगारांच्या घरांची, बाहेरून पोटासाठी आलेल्या पोलिश आणि तुर्की लोकांची कहाणी मांडलीय. दोन-अडीच तास सहज जातात. त्याखेरीज गाईडेड टूर असते, काही गाईड स्वतः खाणीत काम केलेले असतात, जर्मन थोडंफार समजत असेल तर ती चुकवू नका, मशीनचा कानठळ्या बसवणारा आवाज आणि धूळ याबद्दल तो माणूस बोलतो तेव्हा समोरचा लोखंडाचा सांगाडा एकदम जिवंत होतो.

लँडशाफ्टपार्क वेगळ्या जातीचं आहे. थिसेनचा लोखंडाचा कारखाना, १९०१ पासूनचा, १९८५ ला बंद, तोवर ३ कोटी ७० लाख टन कच्चं लोखंड काढलेलं. पेटर लाट्स या लँडस्केप आर्किटेक्टनी जुनं फारसं न पाडता त्याचा १८० हेक्टरचा बाग केला, खनिजाच्या बंकरमध्ये झाडं, त्याच्या भिंतींवर गिर्यारोहक, आणि गॅसच्या टाकीत पाणी भरून चक्क तेरा मीटर खोल स्कूबा डायव्हिंग. प्रवेश फुकट आणि दिवसरात्र उघडं. पाच नंबरच्या भट्टीवर जिन्यांनी सत्तर मीटरच्या आसपास वर चढता येतं, पायऱ्या जाळीच्या आहेत, खालचं सगळं दिसतं, उंचीची भीती असणाऱ्यांनी खालूनच बघावं. पोरांना मात्र हे ठिकाण जास्त आवडतं यात शंका नाही, बंकरच्या भिंतीतून जाणारी नळीची घसरगुंडी आहे, पळायला जागा आहे, आणि कुणी 'हात लावू नका' म्हणत नाही. कमी पडतं ते सांगण्याचं, माहितीचे फलक आहेत पण तिथे राबलेली माणसं भेटत नाहीत.

म्हणून लहान पोरं असतील, किंवा पैसे न घालवता दिवसभर हुंदडायचं असेल तर बिनधास्त डुइसबुर्ग. आईबाबा असतील तर त्सोलफेराईन, कारण सरकता जिना आणि लिफ्ट आहे, बसायला जागा आहे, आणि सायकल नको असेल तर ते एस्सेनहून १०७ नंबरच्या ट्रामने थेट दारात उतरतात, तुम्ही बोखुमहून सायकलवर या. पाऊस असेल तरीही त्सोलफेराईनच. फोटोवाल्यांसाठी डुइसबुर्गची रंगीत दिव्यांची रोषणाई आहे, पण जूनमध्ये अंधार पडायलाच दहा वाजतात, त्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरचा वीकएंड धरा.

त्सोलफेराईनकडे माझा कल आहे त्याचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडे गिरण्यांचा संप सुरू झाला जानेवारी १९८२ ला आणि इथले हे दोन्ही कारखाने बंद पडले १९८५-८६ ला, म्हणजे काळ जवळपास तोच. इथे खाण बंद होताच राज्य सरकारने जागा घेतली आणि वास्तू संरक्षित केली. लोअर परळला आज मॉलमध्ये उभी असलेली चिमणी बघितली की तिच्याखाली कोण राबलं, कोणत्या चाळीत राहिलं, हे तिथे येणाऱ्या पोराला कुठून कळणार, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांच्या घरात कुणी गिरणीत होतं त्यांनी तर ते म्युझियम बघावंच, काळाचौकीच्या जुन्या गिरणीत असं काही पूर्ण ताकदीनं उभं राहायला हवं असं तिथून निघताना फार वाटतं.

खाण्याचं दोन्हीकडे बेताचंच आहे, शाकाहारी असाल तर फ्राइज आणि केक, त्यामुळे पोळीभाजीचा डबा न्या, एर्त्सबानच्या कडेला बसायला बाकं आहेत. डॉइचलांडटिकेट (देशभर चालणारा महिन्याचा पास) असलं तरी ट्रेनमध्ये सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं, आणि उन्हाच्या रविवारी दहानंतर सायकलच्या डब्यात जागा मिळणं अवघड, म्हणून आठ-साडेआठची गाडी पकडा किंवा त्सोलफेराईनलाच भाड्याने सायकल घ्या, मग एर्त्सबान उलट्या दिशेने करून बोखुमपर्यंत जाऊन परत यायचं.