‘इटर्नल ब्लू’ : काही महिने सातत्याने ऐकल्यानंतरचा अनुभव

स्पिरिटबॉक्स या कॅनडातील मेटलकोर (हेवी मेटल आणि हार्डकोर पंक यांच्या मिश्रणातून आलेला संगीतप्रकार) बँडचा ‘इटर्नल ब्लू’ हा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम १७ सप्टेंबर २०२१ रोजी प्रकाशित झाला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत थेट तेराव्या क्रमांकावर दाखल झाला. इतक्या जड संगीताच्या पहिल्याच अल्बमला असे स्थान सहसा मिळत नाही. त्या वेळी झालेले कौतुक अल्बमाइतकेच त्याभोवतीच्या उत्सुकतेचेही होते, असे मला वाटते. म्हणून तो गाजावाजा ओसरल्यावर, गेले काही महिने सातत्याने ऐकून, तो कितपत टिकतो याविषयी लिहीत आहे.

‘पहिला अल्बम’ म्हटले की नवख्यांचे काम डोळ्यांसमोर येते. इथे तसे काही नाही. गायिका कोर्टनी लाप्लांट आणि गिटारवादक माइक स्ट्रिंगर हे दांपत्य पूर्वी ‘आयरेसल्डअबेअरवन्स’ या बँडमध्ये होते. तिथून बाहेर पडून त्यांनी व्हँकुव्हर बेटावरील व्हिक्टोरिया येथे स्पिरिटबॉक्सची उभारणी केली, २०१७ मध्ये एक ईपी (मोजक्या गाण्यांचा छोटा संच) काढला आणि पुढची काही वर्षे सुटी गाणी प्रकाशित करण्यात घालवली. त्यामुळे या अल्बममध्ये चाचपडणे जवळपास नाही. उलट, काही ठिकाणी थोडे चाचपडले असते तर बरे झाले असते, इतके सगळे घोटून गुळगुळीत केलेले आहे. त्याविषयी पुढे येईलच.

जुलै २०२० मध्ये आलेल्या ‘होली रोलर’ने या बँडचे नाव सर्वदूर नेले. जगभरातील मैफली बंद होत्या आणि लोक घरात बसून व्हिडिओ पाहत होते. अशा काळात लाप्लांटने हे गाणे एका दमात, कुठेही न कापता म्हटल्याचे चित्रण समोर आले आणि गळ्याचे प्रशिक्षण देणाऱ्यांनी त्यावर आपापले व्हिडिओ केले. गाणे आहेच तसे: खर्जात उतरवलेल्या गिटारचा अडखळत चालणारा रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून), त्यावर सलग स्क्रीम, म्हणजे किंचाळत गाणे, आणि शेवटी जवळजवळ थांबल्यासारखा वाटणारा ब्रेकडाउन, म्हणजे लय एकदम संथ आणि जड होणारा भाग. मात्र या एका गाण्यामुळे अल्बमविषयी चुकीची अपेक्षा तयार झाली. बारा गाण्यांपैकी ‘होली रोलर’च्या जातकुळीची म्हणावीत अशी फार तर तीन आहेत: ते स्वतः, ‘सिल्क इन द स्ट्रिंग्ज’ आणि आर्किटेक्ट्स बँडच्या सॅम कार्टरने साथ दिलेले ‘यलोजॅकेट’. बाकीचा अल्बम सिंथच्या (सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याच्या) थरांवर आणि मोकळ्या, म्हणजे न किंचाळता सुरेल आवाजातील गाण्यावर उभा आहे. प्रकाशनानंतर नाराज झालेल्यांपैकी बऱ्याच जणांची तक्रार मुळात हीच होती, आणि ती मला पटत नाही, कारण या अल्बमचा खरा कस त्या मोकळ्या गाण्यातच लागतो.

याचा उत्तम नमुना म्हणजे पहिलेच गाणे, ‘सन किलर’. सुरुवातीला जवळजवळ फक्त सिंथचे स्पंदन आणि अगदी जवळून आल्यासारखा हळू आवाज ऐकू येतो. गिटार बराच वेळ मागे रोखून धरली आहे. ती पूर्ण ताकदीने येते तेव्हा गाणे संपत आलेले असते. पहिल्या काही वेळा ऐकताना ही सुरुवात रेंगाळल्यासारखी वाटते. नंतर लक्षात येते की शेवटच्या आघाताचे सगळे वजन त्या रोखून धरण्यातच आहे. अकराव्या क्रमांकाच्या ‘सर्कल विथ मी’मध्ये हीच युक्ती अधिक नेटकी साधली आहे: गोड, सहज गुणगुणता येईल असा कोरस आणि शेवटी त्याच गळ्यातून फुटणारी किंकाळी. सुरेल आवाजातून स्क्रीमकडे जाताना लाप्लांटच्या गळ्यावर कुठेही सांधा दिसत नाही. अनेक मेटलकोर बँड या दोन कामांसाठी दोन माणसे ठेवतात, हे ध्यानात घेतले की तिची तयारी कळते.

आता उणिवा. ‘होली रोलर’ सातव्या क्रमांकावर ठेवून त्याच्या लगेच पुढे शीर्षकगीत आणि ‘वुई लिव्ह इन अ स्ट्रेंज वर्ल्ड’ लावण्याचा निर्णय मला आजही उमगलेला नाही. दोन्ही गाणी स्वतंत्रपणे ऐकली तर चांगली आहेत, शीर्षकगीत तर माझ्या विशेष आवडीचे. पण अल्बम सलग ऐकताना इथे हमखास लक्ष उडते, कारण त्यांची लय आणि सिंथचा पोत एकमेकांच्या फार जवळचे आहेत. दुसरी तक्रार ध्वनीविषयी आहे. स्ट्रिंगरसोबत निर्मिती सांभाळणाऱ्या डॅन ब्राउनस्टीन यांनी कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री येथे ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बमला विलक्षण स्वच्छ रूप दिले आहे. प्रत्येक वाद्य वेगळे ओळखू येते. पण बिल क्रुक यांचा बास पुष्कळ ठिकाणी गिटारच्या खर्जात विरघळून जातो आणि झेव्ह रोज यांचे ड्रम इतके नेमके बसवलेले आहेत की हातांचा जोर जाणवत नाही. साध्या इअरफोनवर ही सफाई सुखावते. चांगल्या हेडफोनवर तासाभराने कान थकतात.

आणखी एक बाब. प्रकाशनापूर्वीच ‘होली रोलर’, ‘कॉन्स्टन्स’, ‘सर्कल विथ मी’, ‘सीक्रेट गार्डन’ आणि ‘हर्ट यू’ ही पाच गाणी बाहेर आलेली होती, त्यामुळे जुन्या चाहत्यांना अल्बम हाती आला तेव्हा तो जवळपास निम्मा पाठ होता. आज नव्याने ऐकणाऱ्याला हा प्रश्न येत नाही, आणि त्या अर्थाने हा अल्बम उशिरा ऐकणेच फायद्याचे आहे.

दुसरा पूर्ण अल्बम ‘त्सुनामी सी’ मार्च २०२५ मध्ये आला. तो मला अधिक धीट वाटतो. तरीही सलग ऐकायला बसलो की बहुतेक वेळा हात ‘इटर्नल ब्लू’कडेच जातो. केवळ ब्रेकडाउनसाठी मेटलकोर ऐकणाऱ्यांनी मात्र वर सांगितलेली तीन गाणी सुटी ऐकावीत. संपूर्ण अल्बम त्यांच्यासाठी नाही.