फूल हलतंय, धरायचं कशाने? क्लॅम्पवाला आर्म, गूजनेक, मॅजिक आर्म की साधी कामटी

माझ्या भाच्याने दिवाळीत १०० एमएमची मॅक्रो लेन्स (बारीक गोष्टी अगदी जवळून काढायची) घेतली आणि पंधरा दिवसांत फोन, "मावशी, ट्रायपॉड लावला तरी सगळे फोटो हललेले येताहेत". मी म्हटलं अरे ट्रायपॉडने कॅमेरा धरला, फुलाला कोण धरणार? तेव्हापासून रोज एक लिंक पाठवतो, हा आर्म घेऊ का तो घेऊ. गेल्या काही वर्षांत मी यातलं जवळजवळ सगळं वापरलंय, वडोदऱ्यात घरच्या अगाशीवर (गच्चीवर) आणि कमाटीबागेत दोन्हीकडे, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते, त्याच्यासारखे अजून कोणी अडलेले असतील तर त्यांनाही होईल.

आधी हे कळलं पाहिजे की एवढासा वारा इतका का नडतो. १:१ वर, म्हणजे वस्तू सेन्सरवर आहे त्याच आकाराची उमटते तेव्हा, फुल फ्रेम कॅमेऱ्यात आपल्याला दिसते ती जागा फक्त ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे पोस्टाच्या मोठ्या तिकिटापेक्षाही थोडी कमी. फोटो ६००० पिक्सेल रुंद असेल तर फूल १ मिलिमीटर हललं की फोटोत १६७ पिक्सेल सरकलं. आणि हे झालं आडवं हलणं, पुढेमागे हललं तर अजून वाईट, कारण लेन्सचं छिद्र एफ/८ ला ठेवलं तर १:१ वर जेमतेम १ मिलिमीटर भाग शार्प असतो, तेवढं फूल मागे गेलं की फोकसच गेला, मग शटर कितीही फास्ट ठेवा. उत्तरायणाला (संक्रांतीला) पतंग उडवायला अख्खं वडोदरा सकाळपासून अगाशीवर चढून हवेची वाट बघत असतं, मॅक्रोवाल्याला तीच हवा नको असते, एवढाच फरक.

आता पर्याय. सगळ्यांच्या तोंडी ज्याचं नाव असतं तो विम्बर्ली कंपनीचा प्लॅम्प, नाव बहुतेक प्लांट आणि क्लॅम्प जोडूनच केलेलं असावं. प्लॅस्टिकचे मणी एकात एक बसवलेले असतात, प्रत्येक मणी म्हणजे एक गोळा आणि एक वाटी, त्यामुळे पाहिजे तसा वळवा आणि वळवला तिथे राहतो. एक टोक ट्रायपॉडच्या पायाला, दुसऱ्या टोकाच्या चिमट्यात देठ. याची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे वळवून सोडल्यावर तो मागे उसळत नाही, जिथे ठेवला तिथे ठेवला, आणि झुडपाच्या आत, पानांच्या मधून वाट काढत नेता येतो. वाईट म्हणजे फार वाकवला तर मणी निखळतो (परत दाबून बसतो, तुटत नाही), आणि बाहेरून मागवायचा तर किंमत जास्त पडते. पण हाच प्रकार आपल्या गावात सहज मिळतो हे फार लोकांना माहीत नाही. लेथ मशीनवर कापताना पाणी सोडायला जो मण्यांचा प्लॅस्टिक पाइप असतो ना, कूलंट पाइप, तो याच जातीचा. मकरपुरा जीआयडीसीत (कारखान्यांच्या वसाहतीत) कुठल्याही वर्कशॉपमध्ये मशीनला लागलेला दिसेल, मशीन टूल्सचं सामान विकणाऱ्या दुकानात मागायचा. पाव इंची घ्याल तर पटापट वळतो पण लटपटतो, अर्धा इंची कडक असतो, देठ धरायला मला अर्धा इंचीच बरा वाटला. टोकाला चिमटा मात्र आपला आपल्याला बसवावा लागतो.

गूजनेक म्हणजे पलंगाला लावून मोबाईल बघायचा तो धातूचा वेटोळ्याचा दांडा. सगळ्यात स्वस्त, सगळीकडे मिळतो, आणि म्हणून सगळे आधी तोच घेतात, मीही घेतला होता. त्याचा स्वभावच स्प्रिंगचा आहे. वळवून सोडला की जरासा परत येतो, म्हणजे तुम्ही फ्रेम लावली आणि हात काढला की फूल अर्धा सेंटीमीटर सरकलेलं, आणि नुसतं बोट लागलं तरी टोक बराच वेळ थरथरत राहतं. देठ धरायला मी कोणालाच सांगणार नाही. पण फेकू नका, मागे काळा किंवा हिरवा कागद धरायला, किंवा उजेड मऊ करणारा ट्रेसिंग पेपरचा डिफ्यूजर फुलावर धरायला तो छान आहे, कारण कागद थोडा हलला तर काही बिघडत नाही.

मॅजिक आर्म हा व्हिडिओवाल्यांचा, मधे एक मोठा नॉब, तो आवळला की तिन्ही सांधे एकदम लॉक. ७ इंची आणि ११ इंची असे दोन साधारण मिळतात. ताकद या सगळ्यांत याची जास्त, पण सांधे तीनच, त्यामुळे दाट झुडपात शिरत नाही, आणि टोकाला पाव इंची स्क्रू असतो, चिमटा नाही. मी त्या स्क्रूवर एक छोटा क्लॅम्प बसवून घेतलाय. दुसऱ्या टोकाला खेकड्याच्या नांगीसारखा क्लॅम्प येतो तो अगाशीच्या रेलिंगला असा घट्ट बसतो की विचारू नका. कुंडीतली झाडं, जाड देठ, फांदी, याला मॅजिक आर्मच.

हे मी कढीपत्त्यावर बघितलंय. आमच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर लिंबावरचं फुलपाखरू अंडी घालतं, अळ्या होतात, आणि गेल्या पावसाळ्यानंतर एका बारीक फांदीवर कोष झाला. शेपटीकडून फांदीला चिकटलेला आणि पाठीवरून रेशमाचा एक दोरा, पट्ट्यासारखा. कोष काळसर पडला आणि आतून पंखांचे पिवळे ठिपके दिसायला लागले त्या सकाळी मी कोषाच्या खाली दोन बोटं जागा सोडून फांदी धरली, रेलिंगवरून ७ इंची आर्म, आणि एफ/५.६ ला २४ फोटोंचा स्टॅक घेतला (फोकस थोडा थोडा सरकवत काढलेले फोटो, नंतर जोडून एकच पूर्ण शार्प फोटो करायचा). त्यात दोनदा वारा आला, बाकीचा कढीपत्ता डोलत होता आणि तेवढी एक फांदी जागची हलली नाही, मला अजून आठवलं की बरं वाटतं. नंतर फुलपाखरू बाहेर यायला लागलं तेव्हा क्लॅम्प काढायचा मोह झाला होता पण हात लावला नाही, कारण ओल्या पंखांनी ते लटकलेलं असतं, त्या वेळी धक्का बसून खाली पडलं तर पंख नीट उलगडत नाहीत. उडून गेल्यावर काढला.

स्टॅक करणाऱ्यांना तर याशिवाय गत्यंतर नाही. १:१ ला एफ/५.६ वर एका फोटोत साधारण पाऊण मिलिमीटरही शार्प येत नाही, १० मिलिमीटर खोल फूल असेल तर वीसेक फोटो लागतात, एवढा वेळ फूल जागेवर पाहिजे. सॉफ्टवेअर थोडंफार सरकणं जुळवून घेतं, पण पाकळीच वळली तर काही करू शकत नाही.

आता खरी गोष्ट सांगते, जी कुठल्याच पॅकिंगवर लिहिलेली नसते. आर्म कुठला यापेक्षा तो किती लांब बाहेर काढलाय याने जास्त फरक पडतो. एका टोकाला पकडलेला दांडा दुसऱ्या टोकाला किती वाकेल हे लांबीच्या घनाप्रमाणे ठरतं, म्हणजे लांबी निम्मी केली तर वाकणं आठपट कमी. इंजिनिअरिंगवाल्यांना हे पाठ असतं, फोटोवाले विसरतात. अर्धा मीटर आर्म घेतला म्हणजे अर्धा मीटर ताणायचा असं नाही, कुंडी जवळ आणा, आर्म दुमडून घ्या, वीतभर बाहेर ठेवा. आणि हाच नियम देठालाही लागू आहे! चिमट्याच्या वर जो देठ उरतो तो पण एक दांडाच आहे. फुलाच्या चार इंच खाली धरलं आणि दोन इंच खाली धरलं यात जमीनअस्मानाचा फरक पडतो. माझा अनुभव असा की महागडा आर्म घेऊन देठ बुंध्याशी धरणाऱ्यापेक्षा साध्या आर्मने फुलाजवळ, फ्रेमच्या जरा बाहेर धरणाऱ्याचे फोटो चांगले येतात.

दुसरी गोष्ट, आर्मचं मागचं टोक कशाला लावायचं. सगळे ट्रायपॉडच्या पायाला लावतात कारण तो समोरच असतो. पण मग फूल आणि कॅमेरा एकमेकांना बांधले गेले, फ्रेम बदलायला ट्रायपॉड जरा सरकवला की फूलही ओढलं जातं. माझ्याकडून असाच गोकर्णाचा वेल तुटला. ट्रायपॉडच्या पायाला आर्म होता, मी मधला कॉलम दोन इंच खाली घेताना पाय सरकला आणि फूल, त्याच्यामागची कळी, दोन्ही हातात आलं. सात-आठ महिने वाढवलेला वेल होता, फार वाईट वाटलं. त्यानंतर मी मागचं टोक नेहमी वेगळ्या गोष्टीला लावते, रेलिंग, कुंडीची जाड कड, जुना छोटा ट्रायपॉड, काहीही. विम्बर्लीचा स्वतःचा जमिनीत खोचायचा खुंटाही मिळतो, पण आपल्याकडे नर्सरीतली बांबूची काठी तेच काम करते.

आणि इथेच कामटी येते, जिला कोणी मोजत नाही. वासी उत्तरायण (उत्तरायणाचा दुसरा दिवस) संपलं की दुसऱ्या दिवशी अगाशीवर फाटके पतंग पडलेले असतात, त्यातली उभी सरळ कामटी काढून ठेवा. बारीक देठ, तुळशीची मंजिरी, गवताची काडी, यांना चिमटा सहन होत नाही, त्यांना कामटी मातीत खोचून बाजूने उभी करायची आणि लोकरीच्या धाग्याचा सैल आठचा आकडा घालायचा, एक वेढा कामटीला एक देठाला. पतंगाची कामटी अगदी बारीक असते त्यामुळे फ्रेमच्या कडेला ठेवली की दिसत नाही. जोराच्या वाऱ्यात एवढ्याने भागत नाही हे खरं, पण पहाटेच्या मंद झुळकेला पुरतं, आणि पैसे शून्य.

सोल्डरिंगवाल्यांचा थर्ड हॅन्डही काही जण सांगतात, जड बैठक आणि दोन मगरी चिमटे. टेबलावर, घरात, तोडून आणलेलं पान किंवा वाळलेलं बी, पीस, यासाठी उत्तम. झाडावर नको, दातांनी देठ कापला जातो. लावायचाच तर दातांवर सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी चढवा, मी सगळ्याच चिमट्यांवर चढवते, इंचभर नळीत दोन जबडे होतात.

फ्लॅशचंही सांगितलं पाहिजे कारण भाच्याला मी पहिला प्रश्न तोच विचारला, तुला काय काढायचंय? कीटक किंवा कोळी काढायचे असतील, उडती माशी, टाचणी (चतुरासारखा बारीक कीटक), तर आर्म घेऊच नका, ते पैसे चांगल्या डिफ्यूजरला घाला. छोटा फ्लॅश कमी पॉवरवर मारला की त्याचा उजेड एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो, तेवढ्यात फूलही हलत नाही आणि माशीही नाही. आणि चिमटा घेऊन जवळ गेलात की किडा तसाही उडून जातो. पण तो फ्लॅश फोकस सांभाळून देत नाही, फूल मागे गेलं तर गेलंच, आणि सकाळचा कोवळा उजेड पाकळीतून येतो तो तर फ्लॅशने मिळतच नाही. ज्याला तो उजेड पाहिजे, ज्याला १/१५ ला आयएसओ २०० वर फोटो पाहिजे, दवबिंदू पाहिजे, स्टॅक पाहिजे, त्याला धरायला काहीतरी लागणारच.

कमाटीबागेत किंवा कुठल्याही सार्वजनिक बागेत वाफ्यात काठ्या खोचू नका, माळीकाकांना विचारून मगच, मी छोटा ट्रायपॉड पायवाटेवर ठेवून आर्म आत नेते. कोळ्याचं जाळं असलेल्या फांदीला आणि घरटं असलेल्या फांदीला क्लॅम्प लावायचाच नाही. रुईच्या फुलाचा फोटो काढत असाल तर देठ जरा दाबला तरी पांढरा चीक येतो, चिमटा आणि बोटं लगेच पुसा, तो हात डोळ्याला लागला तर डोळ्याला इजा होते.

तर भाच्याला मी असं सांगितलं. त्याच्याकडे फ्लॅटची बाल्कनी आहे, कुंड्या आहेत, फुलंच काढायची आहेत, तर ७ इंची मॅजिक आर्म आणि एक खेकडा क्लॅम्प, ११ इंची नको. कोणी बागेत, शेतात, जमिनीवरच्या रानफुलांसाठी जाणार असेल तर त्याने मण्यांचा आर्मच घ्यावा, कारण तिथे वाट काढायची असते, त्याबरोबर नर्सरीची एक काठी. बजेटच नसेल तर कामटी, लोकर आणि पहाटे लवकर उठणं, ऑक्टोबरनंतर आपल्याकडे सूर्य उगवताना हवा बहुतेक पडलेली असते.

दुकानात जाऊन घेणार असाल तर एक करा. आर्मचं एक टोक काउंटरच्या कडेला लावा, दुसऱ्या टोकात पेन धरा, आर्म आडवा ठेवा आणि पेनला टिचकी मारा. पेनचं टोक दोन मोजेपर्यंत थांबलं तर घ्या. पाच मोजूनही थरथरत असेल तर लांबी कमी करून परत टिचकी मारा, तरी थरथरलं तर दुकानदार काही म्हणो, ठेवून या.