मासळीच्या पिकअपची गंजलेली चासी : हँगरजवळ नवा तुकडा जोडला, त्यानंतरचा पावसाळा आणि हंगाम

गाडी लॅडर फ्रेमची, म्हणजे दोन लांब तुळया आणि मधे आडव्या पट्ट्या अशा शिडीसारख्या चासीची डिझेल पिकअप, दहा वर्षं ओलांडलेली. काम मासळीचं, रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै आणि मिरकरवाड्याच्या बंदरांवरून. मागच्या पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) पुढचा हँगर, म्हणजे पाट्याचं टोक धरणारा ब्रॅकेट, चासीला जिथे रिव्हेटने बसवलेला असतो, तिथे उजव्या बाजूची चासी आतून खाल्ली गेली होती. मे महिन्यात तेवढा भाग कापून नवा तुकडा वेल्ड केला. त्यानंतर अख्खा पावसाळा आणि पुढचा मासळीचा हंगाम गाडी लोडवर चालली आहे. वेल्डिंग जसंच्या तसं आहे. रंगाबद्दल मात्र तसं म्हणता येणार नाही, आणि किनाऱ्यावरच्या गाडीत खरी लढाई तिथेच असते.

गंज नेमका इथेच का धरतो, ते आधी. क्रेटमधला बर्फ वितळतो, खारट पाणी हौद्याच्या (मागच्या माल भरायच्या भागाच्या) पत्र्याच्या सांध्यांतून खाली गळतं आणि हँगरच्या वरच्या काठावर साचतं. त्यावर टायरने उडवलेला चिखल बसतो, तो आठवडाभर ओला राहतो. चासीचा हा भाग बंद पेटीचा; तळाची पाणी जायची भोकं माती आणि खवल्यांनी बुजलेली. बाहेरून कितीही वॉशिंग केलं तरी आतलं मीठ हलत नाही. शिवाय हँगरची प्लेट आणि चासी या दोन थरांमध्ये पाणी शिरलं की गंज फुगतो. मूळ लोखंडापेक्षा तो कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे रिव्हेट ताणले जातात आणि प्लेट चासीपासून सुटायला लागते. त्या फटीत पातळ स्क्रूड्रायव्हर गेला, तर आत पापुद्रे आहेत हे नक्की समजा.

तपासायला टोकाची हातोडी पुरते. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं आणि टोक रुततं. शंका असेल तिथे ३ मि.मी.चं भोक पाडून जाडी मोजा. ४ मि.मी.ची चासी २.५ च्या खाली गेली असेल, तर तो भाग कापायचा. दोन्ही बाजूंच्या चासी एकाच जागी कुजल्या असतील, चासी वाकलेली असेल किंवा गंज दोन हँगरच्या मधल्या सगळ्या लांबीत पसरला असेल, तर पट्टी मारू नका. तिथे चासीच बदलावी लागते आणि त्याला आरटीओची परवानगी व आरसीत नोंद लागते. ग्राइंडर हातात घेण्याआधी चासी नंबर कुठे कोरलाय ते बघून त्यावर टेप लावा. तो घासला गेला तर फिटनेसला गाडी उभी राहणार नाही.

कामाचा मोठा वेळ वेल्डिंगमध्ये जात नाही, गाडी मोकळी करण्यात जातो. हौदा उचलल्याशिवाय चासीचा वरचा काठ दिसतच नाही. आम्ही चेन पुलीने हौदा वर घेतला. डिझेल टाकी, ब्रेकची नळी आणि वायरिंग त्या भागातून पूर्ण बाजूला काढलं. ब्रेकचा लोड व्हॉल्व्ह (लोडप्रमाणे मागचा ब्रेक कमीजास्त करणारा) असेल, तर त्याच्या रॉडच्या सेटिंगवर आधी खूण करून घ्या. बॅटरीची दोन्ही टर्मिनल काढायची. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या हातभर अंतरात, साफ केलेल्या लोखंडावरच लावायचा. तो ड्रमला किंवा पाट्याला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं. घोडे (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) चासीखाली लावायचे, हँगरच्या पुढेही आणि मागेही, आणि कापण्याआधी चासीच्या कर्णाची (समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली तिरकी) दोन्ही मापं टेपने घेऊन लिहून ठेवायची. काम संपल्यावर फरक ३ मि.मी.च्या आत हवा.

रिव्हेटचं डोकं ग्राइंडरने उडवा, मधोमध ड्रिल मारा, मग पंच. गॅस कटरने उडवलं की भोक मोठं होतं आणि बोल्ट कधीच घट्ट बसत नाही.

नव्या तुकड्यासाठी साधी माइल्ड स्टील प्लेट घेतली, आयएस २०६२ या भारतीय मानकाची, जाडी चासीएवढीच, ४ मि.मी. बरेच वेल्डर 'मजबुतीसाठी' ८ मि.मी. लावतात. ते चुकीचं आहे. जाड प्लेट स्वतः वाकत नाही, मग सगळा ताण तिच्या काठावर येतो आणि पुढचा तडा बरोबर तिथे जातो. कुजलेला भाग चांगल्या लोखंडापर्यंत कापला, तुकडा २ मि.मी. फट ठेवून समोरासमोर जोडला आणि वेल्ड घासून सपाट केल्यावर आतल्या बाजूने दुसरी पट्टी दिली, कापाच्या दोन्हीकडे ५० मि.मी. पुढे जाईल अशी. पट्टीची टोकं तिरकी ठेवली. सरळ उभी वेल्ड चासीच्या आडवी गेली की ती जागा कमकुवत होते. वरच्या-खालच्या काठांना ना वेल्ड, ना भोक. पट्टी मधल्या उभ्या भागातच, १६ मि.मी.च्या भोकांतून प्लग वेल्ड करून, म्हणजे भोक वेल्डने भरून बसवली. गंजावर वरून पट्टी चढवणं हा प्रकार सर्रास चालतो. त्यात आतला गंज झाकला जातो, थांबत नाही, आणि पट्टीमागे पाणी अडकायला नवी जागा मिळते.

वेल्डिंग सीओटूवर (कार्बन डायऑक्साइड गॅस आणि वायरचं मशीन), १ मि.मी. वायरने. एका दमात ओढायचं नाही: ३०-४० मि.मी. मारायचं, मग दुसऱ्या टोकाला, मग हात लागेल इतकं गार होऊ द्यायचं. रॉडने करायचं असेल तर ७०१८ वापरा, पण किनाऱ्यावर उघडं पडलेलं पाकीट नको. हा रॉड ओल धरतो आणि वेल्डमध्ये बारीक तडे येतात. ओव्हनमध्ये ३०० अंशांच्या वर तासभर भाजून मगच तो लावतात.

हँगर परत बसवायला रिव्हेटच्या जागी १२ मि.मी.चे ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट आणि लॉक नट, टॉर्क पान्याने ८० ते ८५ न्यूटन मीटरवर आवळून. गंजत नाहीत म्हणून इथे स्टेनलेस बोल्ट लावणारे बरेच आहेत. बाजारात मिळणारा साधा स्टेनलेस ८.८ पेक्षा मऊ असतो, शिवाय खाऱ्या पाण्यात तो शेजारची चासी लवकर खायला लावतो. पाट्याच्या रबर बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचा आवळायचा. पाटा लोंबकळत असताना आवळला तर बुश पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो.

आता रंग. आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवायचं, वाळवायचं आणि एक रात्र थांबायचं. सकाळी खड्ड्यांमध्ये तपकिरी डाग उमटले असतील तर मीठ अजून आत आहे, पुन्हा धुवा. कोऱ्या प्लेटवर झिंक प्रायमर चालतो, पण जिथे उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंजाला स्थिर थरात बदलणारं रसायन) लावलाय तिथे नाही. झिंकला उघडं लोखंड लागतं, मध्ये कन्व्हर्टरचा थर आला की त्याचा उपयोग संपतो. तिथे थेट इपॉक्सी प्रायमर दिला आणि सगळीकडे वरून इपॉक्सीचे दोन हात. पेटीच्या आत तळाची भोकं मोकळी करून लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) मारलं.

हंगाम संपताना जे दिसलं ते असं. वेल्डच्या टोकांना तडा नाही. बोल्टच्या नटावर रंगाची रेघ मारली होती, एकही रेघ सरकलेली नाही. पाटे अॅक्सलला धरणारे यू-बोल्ट मात्र पहिल्या ५०० किलोमीटरनंतर थोडे आवळावे लागले, ते होणारच. आतलं वॅक्स उत्तम: भोकातून बोट घातलं तर अजून चिकट लागतं, बाहेर येणारं पाणी स्वच्छ आहे. उन्हात सुरुवातीला ते थेंबथेंब गळतं, त्याची काळजी नको. इपॉक्सी टायरसमोरच्या बाजूला खडी लागून उडाला आहे, तिथे हात फिरवावा लागेल. हँगरच्या वरच्या काठाला, हौद्याच्या लाकडी पट्टीखाली, सांध्यावर लावलेला सीलर संपतो तिथे बोटभर लांबीची तपकिरी रेघ आली आहे. पाणी तिथूनच आत जायला बघतंय. तुलनेसाठी डाव्या हँगरवर नेहमीचं काळं डांबरी कोटिंग मारलं होतं. त्याला फुगे आले आहेत आणि खरवडल्यावर खाली ओला गंज निघाला.

वेळेबद्दल एक सांगणं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून गाड्या तेव्हाच गॅरेजला लागतात. लोखंडाचं काम तेव्हा चालेल, पण त्या दमट हवेत रंग धरत नाही. जमल्यास मे महिन्यात दोन आठवडे गाडी सोडा. खर्चाचा मोठा वाटा हौदा उचलणं आणि साफसफाईच्या मजुरीचा आहे, प्लेट-वायरचा नाही. म्हणून हौदा वर असतानाच दुसऱ्या बाजूचा हँगरही सोडवून बघा, आणि हौद्याच्या तळाला पाणी चाकांच्या मागे नेणारी नळी लावून घ्या. या गाडीला ती ऑक्टोबरात लावली. तेव्हापासून हँगरच्या वरचा काठ ट्रिपनंतरही कोरडा असतो. तपकिरी रेघ पुढच्या मे महिन्यात खरवडून पुन्हा सील करायची आहे, तेव्हाच वॅक्सचा दुसरा हातही.