सीलबंद बॉक्स की पोर्टवाला? गाडीतल्या सबवूफरचा हिशोब

गाडीत सब, म्हणजे फक्त बेस वाजवणारा सबवूफर स्पीकर, बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न वॉटचा येतो. बेस कसा वाजणार हे मात्र बरंचसं सब ज्यात बसतो त्या बॉक्सवर ठरतं.

पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी भोक किंवा नळी असलेल्या बॉक्समध्ये कोनच्या (सबच्या पुढेमागे हलणाऱ्या पडद्याच्या) मागची हवाही कामाला लागते. बॉक्स ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलाय, बहुधा ३० ते ४० हर्ट्झ, तिच्या आसपास त्याच अँपवर (अँप्लिफायरवर) आवाज जास्त निघतो. हिप-हॉप नि इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्यांना हाच दणका हवा असतो. पण बॉक्स मोठा, डिकीतली जागा गेलीच. ट्यूनिंगच्या खाली आवाज झपाट्याने पडतो, ऑक्टेव्हला (म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की) साधारण २४ डेसिबल. शिवाय तिथे हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलायला लागतो. सब फाटतात ते बरेचदा असेच. अँपवर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) नसेल तर पोर्टवाल्याच्या नादी लागू नका. असेल तर तो ट्यूनिंगच्या थोडा खाली लावा.

सीलबंदात कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी कोनला आवरते. खालच्या सुरांचा उतार निम्मा, ऑक्टेव्हला १२ डेसिबलच्या आसपास, आणि गाडीची बंद केबिन खालचे सूर आपसूक उचलते, त्यामुळे खोलीत फिका वाटणारा सब गाडीत भरून वाजतो. किक ड्रमचा ठोका आणि बास गिटारचा सूर वेगवेगळे ऐकू येतात. दणका थोडा कमी, अँपला काम जास्त. सगळ्या प्रकारचं ऐकत असाल तर माझं मत सरळ सीलबंदाला.

बॉक्स कुठलाही घ्या, ‘नुसतं घुमतं’ ही तक्रार बहुतेक वेळा सेटिंगची असते. लो-पास फिल्टर (ठरल्या फ्रिक्वेन्सीच्या वरचे सूर अडवणारा) ८० हर्ट्झला ठेवून सुरुवात करा. बेस बूस्ट शून्यावर: १२ डेसिबल वाढवलं की अँपकडून सोळापट पॉवर मागितली जाते, आणि ती नसली की क्लिपिंग, म्हणजे आवाज फाटणं. गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे, ती अँपला गाडीच्या स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवायची सेटिंग. हेड युनिट (म्हणजे तो स्टिरिओ) पाऊण आवाजावर ठेवा, गेन हळूहळू वाढवा, बेस खरखरला की मागे या.

फेजचा स्विच (सबचा कोन बाकी स्पीकरांबरोबर हलावा की उलटा, हे ठरवणारा) शेवटी. ड्रायव्हरच्या सीटवर बसा, दुसऱ्याला ० आणि १८० मध्ये बदलायला सांगा. ज्यात बेस भरीव लागेल आणि डिकीतून न येता समोरून आल्यासारखा वाटेल, तिथेच ठेवा.