घाटात ब्रेक सोडून देणारी गाडी या मिस्त्रीनं नीट करून दिली (परतवाडा-अंजनगाव रोड)

डिसेंबरात चिखलदऱ्यावरून खाली परतवाड्याकडे येत होतो, गाडीत आई, बायको, दोन पोरं अन् डिक्कीभर सामान, अर्धा घाट उतरलो अन् ब्रेकचं पेडल एकदम मऊ पडलं, पाय खाली चालला पण गाडी थांबेचना. दुसरा गिअर, मग पहिला, हँडब्रेक थोडाथोडा ओढत डोंगराच्या बाजूला कशीतरी लावली. आई एक शब्द बोलली नाही, समोरची सीट घट्ट धरून बसली होती. अर्ध्या तासानं पाहतो तर पेडल पुन्हा बरोबर! त्याचीच जास्त भीती वाटली मले.

महिनाभर आधीच एका मोठ्या वर्कशॉपमध्ये पुढचे पॅड नवे टाकले होते, कागदावर ब्रेक ओके लिहून दिलं होतं.

मग साळ्यानं हा मिस्त्री सांगितला. पानठेल्याच्या बाजूला टिनाचं शेड, बोर्ड नाही. काकांनी बोनेट उघडायच्या आधीच विचारलं, "ब्रेकचं ऑइल कवा बदललं होतं भाऊ?" मी म्हटलं गाडी घेतली तेव्हापासून सहा वर्षांत तर नाही. "मंग पॅड नवे टाकून काय होते, ऑइलच उकळलं तं!"

विहिरीवरची मोटर हवा धरली की नुसती फिरते अन् पाणी चढत नाही, तसंच समज म्हणाले. पायाचा जोर पेडल अन् बूस्टर (इंजिनच्या ओढीवर चालणारा डबा) वाढवतात, मास्टर सिलिंडर तो ऑइलमधून चारही चाकांपर्यंत पोचवतो, कारण ऑइल दबत नाही. पण हे ऑइल हवेतलं पाणी ओढत राहते. नवं डॉट 3 (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) कमीत कमी 205 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की 140 ला पण उकळू शकते, डॉट 4 चं तेच 230 वरून 155. मी चौथ्या गिअरमध्ये अर्धा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलो, डिस्क तापली, ऑइलची वाफ झाली अन् वाफ दबते, म्हणून जोर चाकापर्यंत गेलाच नाही. गार झालं की वाफेचं पुन्हा ऑइल. बहुतेक छोट्या गाड्यांत दोन वेगळ्या लाईनी असतात, एक फुटली तरी दुसरीवर गाडी थांबते, पण दोन्हीत ऑइल सारखंच जुनं असलं तं दोन्ही एकदमच जातात. हे मले कोणीच कधी सांगितलं नव्हतं.

मग मले सीटवर बसवलं. "दाब... दाब... आता धरून ठेव." मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं म्हणजे मागचं डावं चाक आधी, निपलला (चाकाजवळची ऑइल काढायची छोटी तोटी) पारदर्शक नळी अन् नळीचं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत. काळ्या चहासारखं ऑइल आलं, बुडबुडे आले, मग हळूहळू फिकट पिवळं. वरची टाकी खाली होऊ नये म्हणून दर थोड्या वेळानं पाहत होते, नाहीतर हवा पुन्हा आत जाते. मडगार्डवर एक थेंब पडला तर हातातलं काम सोडून आधी पाणी ओतलं, कारण हे ऑइल रंग खाते.

शेवटी इंजिन बंद ठेवून पाच वेळा पेडल दाबायला लावलं, मग दाबून ठेवूनच गाडी चालू केली, पेडल थोडंसं खाली गेलं म्हणजे बूस्टर चांगला. अन् मिनिटभर दाबून धरलं तरी आणखी खाली सरकलं नाही, म्हणजे मास्टर सिलिंडरचे रबर शाबूत. न्यूट्रलवर किंवा इंजिन बंद करून घाट उतरणाऱ्यांवर काका भयंकर चिडतात. न्यूट्रलवर इंजिन गाडीला रोखत नाही, अन् इंजिन बंद केलं की बूस्टरमधली ओढ दोन-तीन दाबांतच संपते अन् पेडल दगड होते.

ऑइल अन् मजुरी मिळून 700 रुपये. एकटा माणूस आहे, अडीच तास लागले, बसायला एक स्टूल, छापील बिल नाही. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा गेली असेल तर स्कॅनर लागते, ते काम माझ्याकडं होत नाही असं स्वतःच सांगतात, हे मले फार आवडलं.

जानेवारीत पुन्हा चिखलदऱ्याला गेलो, दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, त्याच वळणावर मुद्दाम थांबलो. पेडल जिथल्या तिथं. आई पुढच्या सीटवर होती यावेळी.

सकाळी नऊच्या आत जा, आठवडी बाजाराच्या दिवशी बंद असते.