खेळण्यातला दाताचा दवाखाना: नातीच्या पहिल्या तपासणीआधी वापरून पाहिलेला संच

सांगलीतल्या हरभट रस्त्यावरील एका खेळण्यांच्या दुकानातून आम्ही मागील महिन्यात दातांच्या डॉक्टरांचा खेळसंच साडेचारशे रुपयांना आणला. आमची साडेतीन वर्षांची नात मनू हिला प्रथमच दातांच्या दवाखान्यात न्यायचे होते आणि तिच्या मनाची थोडी तयारी घरीच करून घ्यावी, असा सुनेचा विचार होता. संच तीन आठवडे रोज खेळला गेला, त्यानंतर प्रत्यक्ष तपासणीही झाली. त्यामुळे या खेळण्याविषयी जे लिहितो आहे ते केवळ खोका उघडून पाहिलेल्या माणसाचे मत नाही.

तपासणीचे कारण आधी सांगितले पाहिजे. मनूच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूने ओढावी तशी पांढरी रेघ सुनेला दिसली. साखर घातलेले दूध बाटलीने पीत पीत झोपी जाण्याची सवय आम्ही तिला अडीच वर्षांपर्यंत राहू दिली होती. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या दातांभोवती साचून राहते आणि कीड तिथूनच सुरू होते. खालच्या पुढच्या दातांवर मात्र जीभ येते आणि जवळच लाळही पाझरत असते, म्हणून ते बहुधा वाचतात. पांढरी रेघ ही किडीची पहिली खूण, आणि ती याच टप्प्यावर थोपवता येते. वास्तविक पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, मुलाला एकदा दाखवून आणावे, असे बालदंतवैद्य सांगतात. आम्ही अडीच वर्षे उशिराच जागे झालो, कारण ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे वाक्य आमच्याही घरात चालत होते.

आता संचाकडे वळतो. खोक्यावर आयएसआय चिन्ह आणि ‘तीन वर्षांवरील मुलांसाठी’ अशी सूचना होती. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर हे चिन्ह बंधनकारक झाले असल्याने घेताना तेवढे पाहून घ्यावे. आत उघडझाप होणारा प्लास्टिकचा जबडा, त्यात बसवलेले सुटे दात, लांब दांड्याचा आरसा, एक बोथट आकडी, इंजेक्शन, पक्कड, बॅटरीवर घुरघुरणारे यंत्र, मोठा ब्रश आणि दातातील खड्डे भरण्यासाठी रंगीत माती इतके साहित्य निघाले. प्लास्टिक जाड आहे, कडा घासलेल्या आहेत आणि जबड्याची बिजागरी मनूच्या हाताला पुरून उरली आहे. माती मात्र चौथ्या दिवशी वाळून खडखडीत झाली. तिच्या जागी कणीक वापरली तरी काम भागते.

खरी अडचण पक्कडीची निघाली. जबड्यातले दात पक्कडीने खटकन उपटता येतात आणि पुन्हा बसवता येतात. तीन वर्षांच्या मुलाला या संचात त्याहून मोठी गंमत दुसरी कोणतीही वाटणार नाही. पहिल्याच दुपारी मनूने सगळे दात उपटून ताटलीत मांडले आणि मला विचारले, “आबा, डॉक्टर माझे पण काढणार?” मी तिला नाही म्हणालो खरा, पण माझ्या नकाराला तिच्या लेखी फारशी किंमत नव्हती. मी कवळी लावतो. रात्री ती काढून वाटीत ठेवतो, हे ती जन्मापासून पाहत आली आहे. शिवाय ती चॉकलेटसाठी हटून बसली की “फार गोड खाल्लेस तर डॉक्टर माझ्यासारखे तुझेही दात काढतील” हे वाक्य मी स्वतःच तिला कितीतरी वेळा ऐकवले होते. आपल्याकडे जेवत नाही म्हणून, झोपत नाही म्हणून, दंगा करतो म्हणून डॉक्टर आणि सुई यांचा धाक घालण्याची जी रीत आहे, तिच्यात माझाही वाटा होता. पक्कडीने फक्त त्या धाकाला हातात धरण्यासारखा आकार दिला. सुनेने त्या रात्री पक्कड आणि इंजेक्शन कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिले आणि मला त्या वाक्याची बंदी घातली.

संच बनवणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा होता. पहिल्या भेटीत दात काढण्याचा प्रसंग सहसा येतच नाही. डॉक्टर दात मोजतात, आरशाने पाहतात, हिरड्या तपासतात, फार तर दात घासून साफ करतात आणि फ्लोराइडचा लेप लावतात. मुलाला जे दिसणार आहे त्याची तयारी करायची, की जे दिसू नये अशी आपली इच्छा आहे त्याची? या संचात दुसऱ्याच गोष्टीला मध्यवर्ती जागा मिळाली आहे.

दुसरी चूक लहान असली तरी आमच्याकडे तिच्यावरून संध्याकाळभर रडणे झाले. खेळण्यातल्या जबड्याला वर चौदा आणि खाली चौदा दात आहेत, म्हणजे तो मोठ्या माणसाचा जबडा आहे. मनूला वीसपर्यंत मोजता येते. तिने आरशासमोर उभे राहून स्वतःचे दात मोजले, ते वर दहाच भरले, आणि चार दात कुणीतरी आधीच काढून नेले अशी तिची समजूत झाली. दुधाचे दात एकूण वीसच असतात, वर दहा आणि खाली दहा, आणि ते साधारण अडीच ते तीन वर्षांपर्यंत सगळे येतात, हे तिच्या आईने तिला बोटे धरून समजावले. हाता-पायाची मिळून जितकी बोटे तितके दात, हा हिशेब तिला इतका पटला की पुढे दोन दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकावा लागला. दूधवालाही त्यातून सुटला नाही. लहान मुलांसाठीच्या खेळण्यात लहान मुलाचा जबडा असावा, ही अपेक्षा फार नाही.

आरसा आणि घुरघुरणारे यंत्र हे या संचाचे चांगले भाग आहेत. दवाखान्यातील छोट्या आरशासारखाच हा आरसा दिसतो, त्यामुळे तोंडात जाणारी पहिली वस्तू ओळखीची झाली. यंत्राचा आवाज दात साफ करण्याच्या ब्रशयंत्राशी जुळतो. ज्याच्या शिटीसारख्या आवाजाने मोठी माणसेही खुर्चीचे हात घट्ट धरतात, त्या एअरोटरशी, म्हणजे दात कोरण्याच्या यंत्राशी, मात्र त्याचे काही साम्य नाही, कारण एअरोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो. पहिल्या भेटीसाठी ब्रशयंत्राची ओळख पुरेशी आहे.

पण या खेळण्याची मोठी मर्यादा मला दुसऱ्या आठवड्यात कळली. हा संच मुलाला डॉक्टर करतो, पेशंट करत नाही. मनू तीन आठवडे डॉक्टर होती. पेशंट म्हणून आधी प्लास्टिकचा जबडा होता, नंतर बाहुली आली आणि शेवटी मी. तिच्या स्वतःच्या तोंडात कुणी हात घातला नव्हता. दवाखान्यात मुलाला जे अवघड जाते ते हत्यारांपेक्षा वेगळेच असते: उताणे पडावे लागते, तोंडावर उजेड येतो, परके बोट ओठ बाजूला करते आणि काही वेळ तोंड उघडे ठेवावे लागते. याची तालीम कोणत्याही खोक्यात मिळत नाही. सुनेने त्यासाठी जे केले त्याला एक पैसाही लागला नाही. ती पलंगावर मांडी घालून बसे, मनूचे डोके मांडीवर घेई आणि मागून वाकून तिचे दात घाशी. ही नेमकी दवाखान्यातील खुर्चीची अवस्था, आणि दात स्वच्छ घासण्यासाठीही ती अधिक सोयीची, कारण वरच्या दाढा समोरून कधी नीट दिसत नाहीत. दात घासून झाले की टॉर्च लावून, स्टीलच्या चमच्याची पाठ गालाला आतून लावून, ती एकेक दात मोजे. चमचा गार लागतो आणि दवाखान्यातला आरसाही गारच लागतो. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत दात मोठ्यांनीच घासून द्यायचे असतात, तेव्हा ही तालीम वाया जाण्याचा प्रश्नच नाही.

शब्दांचीही निवड करावी लागली. “अजिबात दुखणार नाही” हे वाक्य आम्ही टाळले, कारण लहान मूल त्यातले ‘दुखणे’ तेवढेच उचलते आणि जे सुचलेही नव्हते ते विचारू लागते. “डॉक्टर तुझे दात मोजतील, आरशाने बघतील, मग आपण घरी येऊ” इतकेच सांगितले, तेही आदल्या दिवशी. आठवडाभर आधी सांगून उत्सुकतेचे रूपांतर भीतीत होऊ दिले नाही. शहाण्यासारखी वागलीस तर चॉकलेट, हे बक्षीसही नको होते. दाताच्या तपासणीचे बक्षीस चॉकलेट असणे हे हास्यास्पद तर आहेच, शिवाय बक्षीस जाहीर झाले की पुढे काहीतरी कठीण आहे, हे मुलाला न सांगता कळते. त्याऐवजी येताना आमराईत जायचे, हे सहज बोलून ठेवले होते.

विश्रामबागेतील ज्या बालदंतवैद्य बाईंकडे आम्ही गेलो, त्यांनी सकाळी साडेदहाची वेळ दिली होती. न्याहारी होऊन तासभर झालेला असावा आणि दुपारच्या झोपेची वेळ दूर असावी, एवढीच त्यांची अट होती. मनू आत शिरली ती डॉक्टर म्हणूनच. खुर्चीवर बसायचे सोडून तिने ट्रेमधला आरसा उचलला आणि बाईंना “आ करा” म्हणाली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला खुर्चीत बसवले आणि मनूला माझे दात मोजू दिले. माझी कवळी काढून हातात घेतल्यावर तिने बाईंना जाहीर केले, “हे खोटे आहेत, मोजायचे नाहीत.” त्यानंतर बाई म्हणाल्या, “आता माझी पाळी,” आणि मनू आईच्या मांडीवर उताणी झाली. त्या क्षणाला तीन आठवड्यांतले काय कामी आले, हे मी जवळून पाहिले. आरसा पाहून ती निश्चिंत होती, तो संचाचा गुण. मात्र उजेड आल्यावर ती डोळे मिटून पडून राहिली, ते आईच्या मांडीवरच्या रोजच्या तालमीमुळे.

ब्रशयंत्र सुरू करण्याआधी बाईंनी ते काय करते ते सांगितले, मग तिच्या अंगठ्याच्या नखावर फिरवून दाखवले आणि त्यानंतरच दाताला लावले. सांगा, दाखवा, करा ही पद्धत दंतवैद्य ॲडेलस्टन यांनी १९५९ मध्ये मांडली आणि बालदंतवैद्य आजही याच क्रमाने जातात. घरीही तोच क्रम ठेवावा. आमच्या संचासोबत आलेल्या कागदावर मात्र प्रत्येक हत्याराचे नाव होते, क्रमाचा उल्लेख कुठेही नव्हता.

पांढऱ्या रेघेवर फ्लोराइडचा लेप लावला गेला आणि तीन महिन्यांनी परत बोलावले. टूथपेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर वाटाण्याएवढी घ्यायची. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दिसते तितकी कधीच नाही. खाण्याबद्दल विचारल्यावर आमची चांगलीच पंचाईत झाली. साखर नको म्हणून आम्ही तिला गुळाचा खडा आणि तासगावचे बेदाणे दिवसभर मूठमूठ देत होतो आणि त्याबद्दल स्वतःवर खूशही होतो. दातांना गूळ काय आणि साखर काय, सारखेच; बेदाणे तर चिकटून बसतात. गोड द्यायचेच तर जेवणाबरोबर द्यावे, मधूनमधून चघळायला देऊ नये, असे बाईंनी सांगितले. दुधाच्या मागच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात आणि त्यांच्याही मागे, कोणताही दात न पडता, सहाव्या वर्षी कायमची पहिली दाढ येते, हे मला सत्तराव्या वर्षी कळले.

संच घ्यावा की नाही, असे विचारणाऱ्यांना मी घ्या म्हणेन, पण घरी आणल्यावर पक्कड आणि इंजेक्शन मूल जागे होण्यापूर्वी बाजूला काढा आणि वरचे-खालचे चार-चार दात उपटून ठेवून द्या, म्हणजे जबडा वीस दातांचा होईल. साडेचारशे रुपये ज्यांना जास्त वाटतात त्यांनी चमचा आणि टॉर्च यांवर भागवले तरी पहिल्या भेटीत काही कमी पडणार नाही. पाचपैकी अडीच गुण मी देतो आणि त्यातले दोन आरशाचे आहेत. पक्कड अजून वरच्या कप्प्यातच आहे. मनूने ती एकदाही मागितलेली नाही, मात्र रोज रात्री माझी कवळी वाटीत पडली की ती आरसा घेऊन येते आणि उरलेले मोजते.